गुंड्याची शिकवणी

मल्लेश्वरम, बेंगळूर
रविवार, २६ नोव्हेंबर १९६१

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांत माझ्या नावानं आलेलं तुझं हे पहिलं कार्ड, आणि त्यात चौकशी कुणाची, तर कुत्र्याची. उपेंद्रभावोजींच्या ऑफिसातले कुणी दामोदर डिसेंबरात कामासाठी इकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर गुंड्याला भिलाईला पाठवून दे, म्हणतेस. का, तर "घर फार रिकामं वाटतं गं."

तुला घर रिकामं वाटतं. नवा क्वार्टर आहे, पसंतीचा नवरा आहे, पुढे बाग करायला जागा आहे असं भाग्यलक्ष्मी अम्मांना तूच लिहिलं होतंस. भरलेलं घर कसं असतं ते माझ्याकडून ऐक. सकाळी साडेपाचला मी उठते. अण्णांना धरून न्हाणीघरात नेते. उजवा हात अजून लोंबतोच, उजवा पाय ओढत चालतात. ऑगस्टात झटका आला तेव्हा वाचा गेली, ती परत आलेली नाही. घशातून नुसता 'ह' निघतो. त्या 'ह'चा अर्थ पाणी, की पंखा, की 'तू जा इथून', हे मी ओळखायचं. नऊ वाजता इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जाते. तेवढा वेळ शेजारच्या भाग्यलक्ष्मी अम्मा लक्ष ठेवतात. सव्वापाचला घरी येते, आणि पुन्हा तेच.

मी तुला तार केली होती. तू आली नाहीस.

गुंड्याला मी पाठवणार नाही. जातीबाहेर लग्न करतेस म्हणून अण्णा तुला "मला एकच मुलगी आहे" म्हणाले, ते मीही ऐकलं होतं. ते वाईटच बोलले. पण कुत्र्यानं तुझं काय वाकडं केलं होतं? पिल्लू असताना संपिगे रोडवरून पदरात घालून आणलंस, चार वर्षं स्वतःच्या ताटातलं खायला घातलंस आणि जाताना मागे वळून पाहिलं नाहीस. आता तो माझ्याकडे मजेत आहे. तुझी आठवण वगैरे काढत नाही.

अण्णांना तुझी पत्रं वाचून दाखवते. ते काही म्हणत नाहीत.

नयना


मल्लेश्वरम
रविवार, १७ डिसेंबर १९६१

अक्का,

"ठीक आहे, तिथेच राहू दे. तो खूश आहे ना, तेवढं कळव." तुझं दुसरं कार्ड मी चारदा वाचलं. तू भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. न भांडता चांगलं ठरायची तुझी ही जुनी सवय.

तर कळवते. तो खूश नाही. रोज पाच वाजता, शाळेत शिकवून तू यायचीस त्या वेळी, फाटकाच्या गजांत नाक खुपसून बसतो. तीन वर्षं बसतो आहे. मी त्याच फाटकातून सव्वापाचला आत येते. तो दोनदा शेपूट हलवतो आणि मान वाकडी करून माझ्या मागचा रस्ता बघतो. खायला मी घालते, गोचिड्या मी काढते, आणि हा रोज माझ्या मागे बघतो.

गेल्या महिन्यात जुनी मासिकं बांधणीला द्यायची होती. त्यांत एका अमेरिकन मासिकात जनावरांना कसं शिकवावं यावर एका प्राध्यापकाचा लेख मिळाला. कुत्र्याला ओरडायचं नाही, गळ्यातला पट्टा ओढायचा नाही, हाकसुद्धा मारायची नाही. एक छोटासा आवाज ठरवायचा. आवाज झाला की लगेच घास. असं पुष्कळदा केलं की कुत्र्याला आवाजाचा अर्थ कळतो: आत्ता, या क्षणी जे केलंस ते बरोबर. आपण तोंडानं 'शाब्बास' म्हणेपर्यंत तो दुसरंच काहीतरी करत असतो, म्हणून शब्दापेक्षा आवाज बरा. जेवणाच्या सुट्टीत मी तो लेख वहीत उतरवून घेतला.

आवाजासाठी काय वापरायचं ते बसवनगुडीच्या कडलेकाई परिषेत मिळालं. शेंगा घ्यायला म्हणून भाग्यलक्ष्मी अम्मांबरोबर जत्रेला गेले होते. खेळण्यांच्या हातगाडीवर पत्र्याचे हिरवे बेडूक होते. पोटाखालची पट्टी दाबली की टक्. अम्मा म्हणाल्या, "यारिगे? कुणासाठी घेतेस गं?" मी म्हटलं, "गुंड्यासाठी." त्या इतक्या हसल्या की बाजूचे लोक बघायला लागले.

पहिल्या दिवशी मी बेडूक दाबला आणि गुंड्या अण्णांच्या खाटेखाली जाऊन बसला. तासभर बाहेर येईना. मग बेडूक हातरुमालात गुंडाळला, तेव्हा आवाज मऊ झाला. चपातीला तूप लावून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे केले. टक्, तुकडा. टक्, तुकडा. वीस वेळा झालं की थांबायचं. तिसऱ्या दिवशी टक् झाल्याबरोबर त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. तेव्हा मला जे वाटलं ते हसण्यासारखं आहे, लिहीत नाही.

लगेच मी चूकही केली. आवाजाचा अर्थ त्याला कळला असं बघून पाच वाजता त्याला फाटकापासून बोलवायला बेडूक वाजवला. तो धावत आला, माझ्या हातात काही नव्हतं. दुसऱ्यांदाही नव्हतं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. लेखात स्वच्छ लिहिलं होतं की आवाज झाला की घास द्यायचाच, चुकून झाला तरी द्यायचा, आणि हाक मारायला तो आवाज वापरायचा नाही. ते वाचूनही मी घाई केली. मग दोन दिवस पुन्हा पहिल्यापासून वीस वीस वेळा.

आता पाचच्या आधी पोचायला मी शेवटचा चहा सोडून निघते. पायरीवर बसते, गप्प. तो रस्त्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. परवा अकरा मिनिटं गेली. मग एक गाय हंबरली आणि त्याची मान बोटभर माझ्या बाजूला वळली. टक्. तो चमकला, आला, तुकडा खाल्ला, परत फाटकाशी गेला. काल दोन बोटं वळली.

मला त्याला तुझ्याकडून काढून घ्यायचं आहे, अक्का. लपवत नाही.

नयना


मल्लेश्वरम
रविवार, २१ जानेवारी १९६२

अक्का,

तो आता फाटकाशी बसत नाही. पाचला पायरीशी येतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. तळहात पुढे केला की नाक लावतो. उजवा केला तर उजव्याला, डावा केला तर डाव्याला. संक्रांतीला मी त्याला तिळगुळाचा कण दिला आणि मनात म्हटलं, तीन वर्षांचं काम सहा आठवड्यांत झालं.

हे तुला कळवायला मी दोन दिवस वाक्यं जुळवत होते. पण मध्येच दुसरं काहीतरी झालं, त्यामुळे मजा गेली.

अण्णा व्हरांड्यातल्या आरामखुर्चीतून रोज आमची शिकवणी बघत होते. मला वाटायचं, बघायला दुसरं काही नाही म्हणून बघतात. एके दिवशी मी बेडूक खुर्चीच्या हातावर ठेवून दूध उतरवायला आत गेले. बाहेरून टक् ऐकू आलं. मग पुन्हा. येऊन बघते तर बेडूक अण्णांच्या डाव्या मुठीत, आणि गुंड्या त्यांच्यासमोर सरळ बसलेला. मांडीवरच्या ताटलीतून त्यांनी त्याला पोह्यांतला शेंगदाणा दिला. कुंपणापलीकडून भाग्यलक्ष्मी अम्मा ओरडल्या, "नोडु नयना! रायरु नक्करु! अगं, हसले बघ!"

हसले होते. ऑगस्टपासून मी त्यांना हसवायला काय काय केलं ते मला माहीत आहे.

आणि ते माझ्यापेक्षा चांगले शिकवतात. मला अर्धा क्षण उशीर होतो. त्यांना होत नाही. चाळीस वर्षं ड्रॉइंगच्या टेबलावर केसाएवढी रेघ जागच्या जागी ओढलेला माणूस, त्यांचा अंगठा बरोबर वेळेला पडतो. त्यांची काठी दिवसातून पंचवीस वेळा खाली पडते आणि मी ती उचलून देते, हे तुला माहीत नसेल. त्यांनी गुंड्याला ती उचलायला शिकवली. आधी काठीकडे बघितलं तरी टक्, मग जवळ गेला तर, मग नाक लावलं तर, मग दातांत धरली तर. नऊ दिवस लागले. आता काठी पडली की मी उठायच्या आत गुंड्या उठतो. मी घरात असले तरी तो त्यांच्या पायाशीच असतो.

म्हणजे तुझ्याकडून घेतला तो मला मिळालाच नाही.

अण्णा तुझ्या पत्रांवर काही म्हणतात का, असं तू विचारलं आहेस. मागेच लिहिलं होतं. काही म्हणत नाहीत.

नयना


मल्लेश्वरम
बुधवार, ७ फेब्रुवारी १९६२

अक्का,

जग बुडालं नाही. आठ ग्रह एका राशीत आले आणि अष्टग्रहीचे तिन्ही दिवस गेले. भाग्यलक्ष्मी अम्मांनी होम केला, सगळ्या गल्लीला धूर झाला, ग्रंथालयात चिटपाखरू फिरकत नव्हतं. सोमवारी मीही रजा टाकली. म्हणून हे सगळं घडलं, नाहीतर मी कामावर असते.

सकाळी व्हरांडा पुसत होते. आई तुळशीपाशी म्हणायची ते काहीतरी गुणगुणत होते. खुर्चीपाशी टक् झालं. मी मान वर केली. गुंड्या अंगणात उन्हाला झोपला होता. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी गप्प झाले. दोन फरश्या पुसल्यावर पुन्हा गुणगुणले, जरा मुद्दामच. टक्. आणि त्यांनी डाव्या हातानं वाटीतला चपातीचा तुकडा माझ्यापुढे धरला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मी काय कुत्रं आहे का, अण्णा?" मी ओरडले. "तोंड होतं तेव्हा एकदा तरी 'शाब्बास' म्हणाला असतात! अक्काची रेघ बघ, अक्काचं अक्षर बघ, अक्कानं केलेली भाजी बघ. अठ्ठावीस वर्षं हेच ऐकलं. अक्का गेल्यावर तर काहीच ऐकलं नाही. आणि आता चपातीचा तुकडा?"

फडकं तिथंच टाकून मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. पुष्कळ वेळानं बाहेर आले. त्यांचा हात तसाच पुढे होता. गुंड्या उठून त्या हातासमोर बसला होता, तुकड्यावर डोळे लावून, आणि घेत नव्हता, कारण आवाज त्याच्यासाठी झाला नव्हता.

मी तुकडा घेतला आणि खाल्ला. अण्णांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

आता पुढचं. मी तुला खोटं लिहीत आले आहे. तुझी पत्रं मी अण्णांना कधीच वाचून दाखवली नाहीत. ऑगस्टपासून आलेली पाचही आंतर्देशीय पत्रं माझ्या ट्रंकेत पातळांच्या खाली होती. न फोडलेली. डॉक्टर म्हणाले होते की मनाला धक्का बसेल असं काही नको. ते निमित्त मला चांगलं मिळालं. खरं कारण हे की तुझं पत्र बघून त्यांचा चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं.

सोमवारी दुपारी मी ती ट्रंकेतून काढली. माझं कौतुक झालं होतं, मला वाटलं आज आपण उदार होऊ शकतो. खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले आणि पहिलं फोडलं. तीस ऑगस्टचं. "अण्णा, नयनाची तार मिळाली. मला सातवा महिना आहे. डॉक्टर गाडीत बसू देत नाहीत. पण तुम्ही नुसतं 'ये' म्हणालात तर मी कुणाचं ऐकणार नाही. नयनाकडून एक ओळ लिहवून घ्या." मी तिथेच थांबले. अण्णांनी टक् केलं. पुढे वाच. 'तुमची प्रमोदिनी' आलं की टक्. दुसऱ्या पत्रात तू त्यांच्या हातच्या चकल्यांचं लिहिलं आहेस, तिथे दोनदा. दोन पत्रांत मिळून नऊ वेळा. माझ्यासाठी सकाळी दोन वेळा. त्याही वेळी मी मोजत होते, अक्का.

मग तिसरं, एक नोव्हेंबरचं. "मुलगा झाला होता. दोन दिवस होता. तुम्ही काही लिहू नका हवं तर, पण माझं हे पत्र पोचलं एवढं मला कुणीतरी कळवा."

बेडूक त्यांच्या हातातून खाली पडला. गुंड्यानं तो तोंडात धरून त्यांच्याकडे नेला, त्यांनी घेतला नाही. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी आधी ऐकलेला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या पत्राच्या तारखेवर ठेवलं. तारखेवर, मग मी नुकत्याच फाडलेल्या कडेवर, मग माझ्याकडे. त्यांना समजलं. मी मान खाली घातली.

'मला माहीत नव्हतं' असं लिहायला मी तीनदा सुरुवात केली. पण मला माहीत नव्हतं, कारण मी पत्र फोडलं नाही. आणि तू "घर रिकामं वाटतं" म्हणालीस, त्यावर मी तुला काय लिहिलं ते मला पाठ आहे.

क्षमा मागत नाही. मागण्यासारखं तोंड नाही. तू ये. अण्णांना भेट, आणि गुंड्याला घेऊन जा.

नयना


मल्लेश्वरम
रविवार, ८ एप्रिल १९६२

अक्का,

दोन महिन्यांनी तुझ्या तीन ओळी आल्या. "पत्र पोचलं. मेच्या सुट्टीत आम्ही दोघं येतो. ती पत्रं अण्णांच्या जवळ ठेव." बस. शिवी दिली असतीस तर उत्तर देता आलं असतं.

पत्रं अण्णांच्या उशाशी आहेत. मी गुणगुणले तरी ते आता बेडूक वाजवत नाहीत. पहिला आठवडाभर माझ्याकडे बघतही नव्हते. जेवण भरवताना तोंड उघडायचे, डोळे भिंतीकडे. आता बघतात. त्यापुढे काही नाही.

एक कबूल करते. फेब्रुवारीत मी "गुंड्याला घेऊन जा" लिहिलं, ते मागे घ्यावंसं वाटतं. अण्णा माझ्याशी बोलेनासे झाल्यापासून (म्हणजे काय ते तुला कळेल) तो माझ्याकडे सरकला. मी स्वयंपाक करताना उंबऱ्यावर बसतो. मला वाटलं, तुला परत लिहावं की मद्रासला गाडी बदलायची, नागपूरला बदलायची, उन्हाळा आहे, कुत्र्याला झेपणार नाही. हे खरंही आहे. बंद जागेला तो फार घाबरतो. गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्याच्या कप्प्यात घातला तर ओरडून जीव देईल.

ते पत्र लिहून पाकिटात घातलं. मग फाडलं आणि सरळ किराणा दुकानात गेले. चेट्टींकडून चहाचं मोठं लाकडी खोकं मागून आणलं, एक बाजू काढून टाकली आणि अंगणात ठेवलं.

पहिल्या दिवशी खोक्याकडे नुसतं बघितलं तरी टक्. दोन पावलं गेला तर टक्. पुढचे पाय आत, टक्. पाचव्या दिवशी मी घाई केली, मागून ढकललं, आणि त्यानं तीन दिवस खोक्याचं तोंड पाहिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. आता आपणहून आत जातो, फिरतो, बसतो. काल समोर गोणपाटाचा पडदा सोडला, शंभर अंक मोजले. बसून राहिला.

भाग्यलक्ष्मी अम्मा म्हणाल्या, "द्यायचा नाहीये तर शिकवतेस कशाला?" मी म्हटलं, "द्यायचाय." त्या म्हणाल्या, "सरी, बरं, मग रडतेस कशाला?"

उपेंद्रभावोजींना भाताबरोबर काय लागतं ते कळव. निपाणीकडचे लोक तिखट खातात असं ऐकलं आहे.

नयना


मल्लेश्वरम
रविवार, १७ जून १९६२

अक्का,

तुझं पत्र काल आलं. गुंड्या नीट जेवतो, तुझ्या खाटेपाशी झोपतो, दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की भुंकतो. वाचून मला वाईट वाटलं. तो सुखात आहे याचं. आपल्यात आता खोटं नको, म्हणून लिहिते.

तू इथे तेरा दिवस होतीस आणि आपण दोघी धड बोललो नाही. समोर असलीस की मला जमत नाही.

तू फाटकातून आत आलीस तेव्हा मी पायरीवर उभी होते, हातात बेडूक होता. तू हाकसुद्धा मारली नव्हतीस. त्यानं तुला अर्ध्या रस्त्यावरच ओळखलं. इतका ओरडला की गल्लीतले लोक बाहेर आले. तू खाली बसलीस आणि तो तुझ्या अंगावर चढला, चष्मा पाडला, कान चाटले. मी बेडूक वाजवला. का वाजवला ते मला माहीत नाही. डिसेंबरातल्या त्या चुकीनंतर मी केलेल्या आवाजाला तो वळला नाही असं एकदाही झालं नव्हतं. तो वळला नाही. उपेंद्रभावोजींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सहज विचारलं, "मला दाखवता का कसं करतात ते?" आणि तासभर माझ्याकडून शिकून घेतलं. त्या माणसाला मी तीन वर्षं नावं ठेवत होते.

अण्णांनी तुला पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं, तेव्हा तुला वाटलं असेल की राग गेला नाही. मला त्यांचा डावा हात दिसत होता. ते चादरीची कड मुठीत धरून होते. लाजेनं. तू दिवसभर खाटेच्या कडेला बसून राहिलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुझ्या हातचा सगळा भात खाल्ला. माझ्या हातचा खायला त्यांना पाऊण तास लागतो. मी स्वयंपाकघरातून घड्याळ बघत होते. वीस मिनिटं.

स्टेशनवर काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तू तुमच्या डब्यात सामान लावत होतीस. गार्ड म्हणाला, "बाई, कुत्रं चावेल, तोंड बांधा." मी म्हटलं, "थांबा." कप्प्याचं दार उघडं धरलं. आतला अंधार बघून गुंड्या मागे सरकला, माझ्या पायांवर बसला. त्याचं सगळं अंग कापत होतं. मी तेव्हा त्याला घेऊन घरी आले असते तर कुणी मला दोष दिला नसता. गार्डच म्हणत होता, "हा नाही जाणार." मी वाट पाहिली. त्यानं आत नजर टाकली, टक्. तुकडा. एक पाय, टक्. इंजिनानं शिट्टी दिली, तो बाहेर आला, मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. शेवटी तो आपणहून आत गेला, फिरला, बसला, आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर केलं ना म्हणून. मी टक् केलं, उरलेले सगळे तुकडे त्याच्यापुढे ठेवले आणि दार लावलं. इतकं चांगलं शिकवलं नसतं तर तो आज माझ्याकडे असता.

घरी आले तर अण्णा जागे होते. मी खुर्चीशेजारी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. त्यांनी डावा हात माझ्या केसांवर ठेवला आणि तसाच राहू दिला. लहानपणी त्यांनी असं केल्याचं मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर मला सांगू नकोस.

पुढच्या महिन्यात मला ग्रंथपालाचा वर्षाचा कोर्स सुरू करायचा आहे, संध्याकाळचे वर्ग आहेत. दिवाळीनंतर दोन महिने अण्णांना तू ने. ने म्हणजे उपकार म्हणून नव्हे, तुझी पाळी म्हणून. त्यांना विचारलं. त्यांनी 'हो' म्हणून मान हलवली, मग माझ्याकडे बघून पुन्हा हलवली.

आणखी एक आहे, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. तेरा दिवसांत मी तुला बाळाबद्दल एक शब्द विचारला नाही. भाग्यलक्ष्मी अम्मांनी विचारलं तेव्हा तू सांगायला लागलीस आणि मी उठून आत गेले. तुला वाटलं असेल, हिला ऐकवत नाही. तसं नव्हतं. त्या तुझा हात धरून बसल्या होत्या, अण्णांचे डोळे भरले होते, आणि मला तुझ्या दुःखाचाही हेवा वाटला. इतकी वाईट मी आहे. हे एकदा कागदावर लिहून बघायचं होतं. लिहिलं.

आता विचारते. तो दोन दिवस होता. त्या दोन दिवसांत तुम्ही त्याला काय म्हणत होतात? डोळे उघडले होते का त्यानं? कुणासारखा दिसत होता? मी त्याची मावशी आहे, अक्का. मला सगळं सांग.

तुझी,
नयना